शाळेकडे काय मागायचे, कसे मागायचे

वर्ग जसा चालतो तसाच चालू राहिला, तर काही मुलांना त्यात शिकता येत नाही. कुणाला फळा दिसत नाही, कुणाला गुरुजींचे बोलणे अर्धेच ऐकू येते, कुणाला तोंडी सगळे येते पण वाचताना अक्षरे जुळत नाहीत, तर कुणी अंगदुखीने महिन्यातले कित्येक दिवस घरीच पडून असते. अशा मुलासाठी वर्गात काहीतरी बदलावे लागते. बसण्याची जागा, मिळणारा वेळ, शिकवण्याची भाषा, एखादे साधन किंवा मदतीला एखादे माणूस. हा बदल करणे शाळेचे कर्तव्य आहे, असे कायदा सांगतो. पण मागितल्याशिवाय तो क्वचितच मिळतो, आणि लहान मूल स्वतःसाठी तो मागू शकत नाही. ते काम आईवडिलांचे. शाळेला सतरा कामे असतात, म्हणून तोंडी सांगितलेले बहुधा विरून जाते. कागदावर लिहून दिलेले, नेमके आणि वेळेवर मागितलेले टिकते.

महाराष्ट्रात या कामाची सुरुवात पालकांनीच केली. १९४४ मध्ये मुंबईत वकील आडनावाच्या दांपत्याने आपल्या दिना नावाच्या मुलीसाठी शाळा काढली. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी काम करणारी जय वकील शाळा ती हीच. १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीला शाळा मिळत नाही म्हणून स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. १९९६ मध्ये राज्य सरकारने अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती मान्य केल्या, त्यामागेही मुंबईतले डॉक्टर, शिक्षक आणि पालक होते. या पालकांकडे इंग्रजी होते, ओळखी होत्या, मोठी रुग्णालये घराजवळ होती. गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा तालुक्यातील पालकाकडे यातले काहीच नसते. कायदा मात्र दोघांना एकच लागू आहे.

मुलचेरा हा जंगलातला तालुका. १९८२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला तेव्हा हा सगळा भाग नव्या जिल्ह्यात आला. जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वनाखाली आहे. गावे लहान आणि विखुरलेली, पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की रस्ता बंद. तज्ज्ञ डॉक्टरला दाखवायचे तर चामोर्शीमार्गे गडचिरोली गाठावे लागते आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. तालुक्याचे दुसरे वैशिष्ट्य भाषांचे. इथे गोंड आणि माडिया कुटुंबे आहेत, मराठी आणि तेलुगू बोलणारी आहेत, आणि पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना साठ-सत्तरच्या दशकांत चामोर्शी-मुलचेरा पट्ट्यात वसवल्यामुळे पूर्ण बंगाली गावेही आहेत. त्यामुळे एखादे मूल वर्गात मागे का पडते, या प्रश्नाचे उत्तर इथे सहज सापडत नाही. मागणी करण्यापूर्वी ते शोधावेच लागते.

पहिला घोटाळा भाषेचा होतो. घरी माडिया किंवा बंगाली बोलणारे मूल पहिलीत येते आणि गप्प बसते. ‘मंद आहे’, ‘लक्ष नाही’ असा शेरा पडायला वेळ लागत नाही. बंगालीत व्याकरणिक लिंग नाही. मराठीत तीन आहेत. बंगाली घरातले मूल ‘तो’, ‘ती’, ‘ते’ यांत वर्षभर चुकत राहिले तर तो त्याच्या मेंदूचा दोष नव्हे, ते नवी भाषा शिकत आहे. गोंडीत नामांचे दोनच वर्ग, पुरुषवाचक आणि बाकीचे सगळे. तिथून आलेल्या मुलाच्या चुका आणखी वेगळ्या असतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. अशा मुलाला तपासणीच्या रांगेत उभे करण्याआधी त्याची भाषा येणारे कुणीतरी वर्गात हवे. वरच्या वर्गातला विद्यार्थी, अंगणवाडी सेविका किंवा गावातला शिकलेला तरुण चालेल.

याच्या उलटही घडते, आणि ते जास्त घातक असते. मुलाची अडचण खरी असते, पण ‘भाषेमुळे होते, पुढे सुधारेल’ म्हणून तीन-चार वर्षे निघून जातात. दोन्हींतला फरक ओळखायची सोपी खूण घरातच मिळते. मूल घरच्या भाषेत आपल्या भावंडांसारखे बोलते का? सांगितलेली गोष्ट परत सांगू शकते का? दोन-तीन कामे एकदम सांगितली तर लक्षात ठेवते का? घरच्या भाषेत सगळे सुरळीत असेल आणि अडखळणे फक्त मराठीत असेल, तर प्रश्न भाषेचा. घरीही मूल अडखळत असेल, तर तपासणी लवकर हवी. हे निरीक्षण आईइतके नेमके कुणालाच करता येत नाही. शाळेत जाताना आईने हीच माहिती सोबत न्यावी. तिचे मोल एखाद्या अहवालाइतके आहे.

साधी कारणेही अनेकदा तपासायची राहून जातात. वारंवार कान वाहणाऱ्या मुलाला काही आठवडे ऐकू येते आणि काही आठवडे येत नाही, म्हणून शिक्षकाला ते ‘मनात असेल तेव्हाच ऐकणारे’ वाटते. चष्म्याचा नंबर असलेले मूल फळ्यावरचे उतरवून घेत नाही म्हणून आळशी ठरते. गडचिरोली जिल्ह्यात हिवतापाचे रुग्ण मोठ्या संख्येने असतात. मेंदूचा हिवताप होऊन गेलेल्या काही मुलांना नंतर झटके येतात, स्मरणशक्ती आणि लक्ष यांवर परिणाम होतो. दोन वर्षांपूर्वीच्या त्या तापाचा आणि आजच्या नापास गुणपत्रिकेचा संबंध शाळेला कळणार तो पालकाने सांगितला तरच.

जंगल भागातल्या शाळांसाठी सगळ्यात महत्त्वाचा, आणि शिक्षणाच्या चर्चेत सगळ्यात कमी येणारा आजार म्हणजे सिकलसेल. मध्य भारतात त्याची नोंद १९५८ मध्येच शुक्ला आणि सोळंकी या संशोधकांनी केली होती. विदर्भातल्या आदिवासी समाजांत आणि इतरही काही समाजांत तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. आईवडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तर मूल ‘ग्रस्त’ असते. एकाकडून आले तर ‘वाहक’. वाहकाला सहसा त्रास नसतो आणि त्याला शाळेत वेगळ्या वागणुकीची गरज नसते. ग्रस्त मुलाच्या रक्तातल्या लाल पेशी पाणी कमी पडले, थंडी वाजली, ताप आला किंवा फार दम लागला की विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हातपाय, पाठ, पोट असह्य दुखू लागते. रक्त कमी असल्याने एरवीही थकवा असतोच. काही मुलांत मेंदूचा रक्तपुरवठा नकळत बाधित होतो आणि लक्ष, वाचन, गणित हळूहळू घसरत जाते.

या मुलाच्या गरजा वर्गात अगदी स्पष्ट मांडता येतात. त्याला दिवसभर पाणी प्यायला मिळाले पाहिजे. त्याची मूत्रपिंडे लघवी नीट घट्ट करू शकत नाहीत, म्हणून त्याला वारंवार जावे लागते. ‘सारखा बाहेर पळतो’ म्हणून त्याला अडवणे चुकीचे आहे. भर उन्हात धावण्याची सक्ती नको, थंडीत फरशीवर बसवू नये. दुखण्याने बुडालेल्या दिवसांचा अभ्यास वहीतून किंवा मित्राकडून घरी पोचावा. दीर्घ गैरहजेरीचे कारण सांगून त्याचे नाव पटावरून काढता येत नाही, कारण प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढण्यास शिक्षण हक्क कायद्याने मनाई केली आहे. मूल आश्रमशाळेत राहत असेल तर आणखी दोन गोष्टी आधीच ठरवून घ्याव्या लागतात. रोजची गोळी कुणाच्या ताब्यात राहील, आणि रात्री दुखणे उठले तर आरोग्य केंद्रात कोण नेईल. याचे उत्तर प्रवेशाच्या दिवशीच अधीक्षकांकडून लिहून घेणे बरे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्थान मिळाले. १९९५ च्या जुन्या कायद्यात तो नव्हता, अध्ययन अक्षमताही नव्हती. नवा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यातले कलम १६ पालकाने शिक्षकांसमोर वाचून दाखवावे इतके उपयोगी आहे. भेदभाव न करता प्रवेश, मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी, लागेल ते वैयक्तिक साहाय्य, अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून तसे शिकवणे, प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष आणि येण्याजाण्याची सोय, ही सारी कर्तव्ये त्यात शाळांकडून पार पाडून घेण्याची जबाबदारी सरकारवर आणि स्थानिक प्राधिकरणांवर टाकली आहे. कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण मिळते, आणि शेजारची शाळा की विशेष शाळा ही निवड त्याची असते. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या आनंदवनात अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा आहेत. काही मुलांसाठी तो मार्ग योग्य ठरतो. पण गावच्या शाळेने ‘तुमच्या मुलाला तिकडेच न्या’ असे सांगणे वेगळे आणि कुटुंबाने विचार करून निवडणे वेगळे. मूल शाळेत येऊच शकत नसेल इतके गंभीर दिव्यांगत्व असेल, तर शिक्षण हक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनुसार घरी शिक्षण घेण्याचाही हक्क आहे. हा हक्क कुटुंबाचा आहे. शाळेने आपली जबाबदारी झटकण्यासाठी तो वापरू नये.

इथे एक गैरसमज दूर व्हायला हवा. प्रमाणपत्र आल्याशिवाय शाळा काहीच करू शकत नाही, असे पालकांना सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. मोफत शिक्षणाची वयोमर्यादा, आरक्षण, काही भत्ते यांसाठी प्रमाणपत्र लागते. पहिल्या बाकावर बसवायला, पाणी पिऊ द्यायला, मोठ्या अक्षरात लिहून द्यायला, जास्त वेळ द्यायला कोणतेही प्रमाणपत्र लागत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, वाजवी सोयींचा हक्क ४० टक्क्यांच्या अटीने बांधलेला नाही. तो खटला लेखनिकाचा आणि मोठ्या परीक्षेचा होता, पण त्यातले तत्त्व चौथीच्या वर्गालाही लागू पडते.

मागणी अर्जाने करावी. अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे, साध्या मराठीत, एका पानाचा. ‘माझ्या मुलाकडे विशेष लक्ष द्यावे’ असे लिहिले तर त्यावर काय करायचे हे शाळेला कळत नाही आणि काही केले नाही तरी विचारता येत नाही. त्याऐवजी अडचण, ती कधीपासून आणि कुठे दिसते, आणि नेमके काय हवे, हे तीन भाग असावेत. उदाहरणार्थ, मुलीला उजव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून तिला पहिल्या रांगेत उजव्या भिंतीकडे, डावा कान शिक्षकांकडे येईल असे बसवावे. श्रुतलेखनाचा शब्द तिच्याकडे तोंड करून दोनदा सांगावा. आणि आरोग्य पथक येईल तेव्हा तिची तपासणी करून घ्यावी. इतके लिहिले की महिन्याने जाऊन यांपैकी काय झाले हे विचारता येते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारखेसह पोच घ्यावी. एक प्रत केंद्रप्रमुखांना आणि एक पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी. लिहिता न येणाऱ्या पालकाने दुसऱ्याकडून लिहून घेऊन अंगठा केला तरी अर्ज तितकाच ग्राह्य असतो.

शिक्षक शत्रू नाही, हे इथे सांगायला हवे. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या गुरुजींना मुलाबद्दल खरोखर काही माहीत नसते, आणि त्यांनाही मदत मागण्यासाठी आधार लागतो. पालकाचा अर्ज हाच तो आधार. तो हाती असला की मुख्याध्यापक गटसाधन केंद्राकडे विशेष शिक्षकाची मागणी करू शकतात. समग्र शिक्षा योजनेत २०१८ पासून समावेशित शिक्षणासाठी दर मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. साधने, मदतनीस किंवा प्रवास भत्ता, तपासणी शिबिरे यांचा खर्च त्यातून होतो. दिव्यांग मुलींना दहा महिने दरमहा २०० रुपये प्रोत्साहन भत्ता वेगळा मिळतो. मुलाचे नाव यू-डायस या शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीत ‘विशेष गरजा असलेले’ म्हणून गेले नसेल तर हा पैसा त्याच्यापर्यंत येत नाही. म्हणून पालकाने शाळेला विचारायचा एक साधा प्रश्न असा: माझ्या मुलाची ही नोंद झाली आहे का?

विशेष शिक्षकांची टंचाई ही मात्र कुणाच्याही सौजन्याने सुटणारी गोष्ट नाही. रजनीश कुमार पांडे यांच्या याचिकेवर ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवण्याचा आदेश दिला. त्यानंतर केंद्राने २०२२ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकवर पंधरा मुलांमागे एक असे प्रमाण जाहीर केले. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांना पदे मंजूर करून भरण्यास सांगितले. दुर्गम तालुक्यात एक विशेष शिक्षक अनेक शाळा फिरतो आणि एका मुलाच्या वाट्याला क्वचितच येतो. म्हणून तो येईल त्या दिवशी पालकाने शाळेत हजर राहणे आणि पुढच्या भेटीपर्यंत वर्गशिक्षकाने काय करायचे हे त्याच्याकडून लिहून घेणे फार उपयोगी पडते. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने अशा प्रत्येक मुलासाठी लेखी वैयक्तिक शिक्षण आराखडा सक्तीचा केला आणि तो करताना पालकाला बरोबरीने बसवले. आपल्या कायद्यात तशी थेट सक्ती नाही. पण वैयक्तिक आराखडा विशेष शिक्षक इथेही करतात, आणि पालकाने तो मागून त्याची प्रत घेण्यात काही अडचण नाही.

तपासणीची पहिली पायरी गावातच येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच पालघर इथून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात, आणि जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचे दोष, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब तपासतात. पुढे पाठवलेल्या मुलाची चिठ्ठी जपून ठेवावी. सिकलसेलसाठी आधी साधी विद्राव्यता चाचणी होते, पण तिने वाहक आणि ग्रस्त वेगळे कळत नाहीत. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी पक्की चाचणी झाली आहे याची खात्री करून घ्यावी.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र यांसाठी स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. त्यानंतर रुग्णालयातील मंडळासमोर तपासणी होते. निघण्यापूर्वी, हवे ते तज्ज्ञ कोणत्या वारी बसतात हे आशा सेविकेकडून किंवा फोन करून विचारून घ्यावे; नाहीतर गडचिरोलीची एक खेप वाया जाते. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आधी मिळत नाही, कारण त्याआधी वाचनातली अडचण आणि वाचनाची उशिरा झालेली सुरुवात यांत फरक करणे कठीण असते. चाचण्यांची भाषा हाही मोठा मुद्दा आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ ही डिस्लेक्सियाची चाचणी हिंदी, इंग्रजी, कन्नड यांच्याबरोबर मराठीतही उपलब्ध केली. इंग्रजी चाचणीवर मराठी माध्यमाचे मूल नापास होणारच. म्हणून मराठीतून चाचणीचा आग्रह धरावा आणि घरची भाषा वेगळी असेल तर ती तपासनिसाला आधी सांगावी.

एकट्या पालकाचे म्हणणे पुढे सरकत नसेल तर शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिचे किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात असे कायदा सांगतो. दिव्यांग मुलांच्या पालकांनाही तिच्यात प्रतिनिधित्व मिळायला हवे, कारण २०१२ पासून ही मुले वंचित गटात मोडतात. समितीच्या इतिवृत्तात एखादी रॅम्पची, शौचालयाच्या कठड्याची किंवा पाण्याच्या सोयीची मागणी नोंदली गेली की ती शाळेच्या विकास आराखड्यात घेता येते. पेसा कायदा लागू असलेल्या, म्हणजे अनुसूचित आदिवासी क्षेत्रातल्या गावांत ग्रामसभेला सामाजिक क्षेत्रातल्या संस्थांवर देखरेखीचा अधिकार आहे, आणि गडचिरोलीतल्या ग्रामसभांना आपले अधिकार वनहक्कांसाठी वापरण्याचा अनुभव आहे. देखरेखीचा अधिकार मात्र शाळेसाठी फार कमी वापरला गेला आहे. आश्रमशाळेच्या बाबतीत पत्रव्यवहार आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाशी करावा लागतो. पंचायत समितीकडे गेलेला अर्ज तिथे आपोआप पोचत नाही.

एवढे करूनही काही झाले नाही तर तक्रार. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाने लेखी तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. दिव्यांग हक्कांसाठी पुण्याला राज्य आयुक्त आहेत आणि डिसेंबर २०२२ पासून राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही आहे. माहिती अधिकारात तालुक्याला आलेल्या निधीचा हिशेब मागता येतो आणि तो ३० दिवसांत द्यावा लागतो. पोच घेतलेल्या जुन्या अर्जांची खरी किंमत या टप्प्यावर कळते.

दहावीची तयारी नववीतच सुरू करावी. लेखनिक, तासाला २० मिनिटे जादा वेळ आणि इतर सवलतींचे प्रस्ताव शाळेमार्फत नागपूर विभागीय मंडळाकडे जातात आणि उशीर झाला तर वर्ष हातचे जाते. जादा वेळेची सवलत सिकलसेलग्रस्त विद्यार्थ्यांनाही आहे, हे पुष्कळ शाळांना ठाऊक नसते. सातवी किंवा दहावीनंतर मूल दुसऱ्या शाळेत जाते तेव्हा दाखल्याबरोबर जुने अर्ज, विशेष शिक्षकाच्या नोंदी आणि तपासणीचे कागद यांच्या प्रती नव्या मुख्याध्यापकांना पहिल्याच आठवड्यात द्याव्यात. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासून घ्यावे लागते; १८ व्या वर्षी मिळालेले कायमचे असते. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत आणि वयाची अट पाच वर्षांनी शिथिल आहे. प्रवेशाच्या वेळी तेच प्रमाणपत्र तिथे दाखवावे लागते.